वेब अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमधून विंडोज रजिस्ट्री वाचणे आणि बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रजिस्ट्री म्हणजे विंडोजची आणि तीवरील प्रोग्रामांची सेटिंग साठवणारा कोश; त्यात फोल्डरसारख्या ‘की’ असतात आणि प्रत्येक कीमध्ये नावासह ‘व्हॅल्यू’ ठेवलेल्या असतात. खालील उत्तरे विंडोज सर्व्हरवर आयआयएस या मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमध्ये चालणाऱ्या एएसपी डॉट नेट अ‍ॅप्लिकेशनांसाठी लिहिली आहेत. पीएचपी, पायथन किंवा नोड वापरणाऱ्यांच्या कोडमधील नावे वेगळी असतील. परंतु सर्व्हरवरची प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) कोणत्या खात्याने चालते आणि ती ३२ बिटची आहे की ६४ बिटची, हे दोन प्रश्न त्यांनाही तितकेच लागू आहेत. रजिस्ट्रीसंबंधीच्या बहुतेक तक्रारी या दोहोंपैकी एकावर येऊन थांबतात.

संकेतस्थळ उघडणाऱ्या व्यक्तीच्या संगणकावरील रजिस्ट्री आमच्या कोडला वाचता येईल का?

नाही. एएसपी डॉट नेटचा कोड सर्व्हरवर चालतो, त्यामुळे तो वाचतो ती रजिस्ट्री सर्व्हरची असते. अ‍ॅप्लिकेशन तयार करताना सर्व्हर आणि ब्राउझर एकाच संगणकावर असल्यामुळे हा भेद लक्षात येत नाही, आणि प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर प्रत्येक वापरकर्त्याला एकच उत्तर मिळू लागल्यावर गोंधळ उडतो. ब्राउझरमधील जावास्क्रिप्टला तर रजिस्ट्रीपर्यंत जाण्याची वाटच ठेवलेली नाही. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये सुरक्षेच्या सेटिंग शिथिल करून अ‍ॅक्टिव्हएक्स या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या विंडोजच्या घटकांच्या साहाय्याने हे काम करून घेतले जात असे. परंतु विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवरील इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार १५ जून २०२२ रोजी संपला, आणि ज्या पानाला अशी मोकळीक हवी होती ते पान वापरकर्त्यासाठी तेव्हाही धोक्याचेच होते.

वापरकर्त्याच्या संगणकावरील माहिती खरोखरच आवश्यक असेल, तर त्याच्या संमतीने तेथे एक छोटे सॉफ्टवेअर बसवावे लागते आणि संकेतस्थळाने त्या सॉफ्टवेअरशी बोलावे लागते. जीएसटी पोर्टलवर डिजिटल स्वाक्षरी करण्यासाठी एमसाइनर हे सॉफ्टवेअर आधी बसवून घ्यावे लागते, त्यामागे हेच कारण आहे : स्वाक्षरी ज्यात असते त्या यूएसबी टोकनपर्यंत ब्राउझर स्वतः पोहोचू शकत नाही.

व्हिज्युअल स्टुडिओतून (कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमधून) सर्व काही व्यवस्थित चालते, परंतु सर्व्हरवर टाकल्यावर ‘रिक्वेस्टेड रजिस्ट्री अ‍ॅक्सेस इज नॉट अलाउड’ असा संदेश येतो. असे का होते?

कारण दोन्ही ठिकाणी कोड तोच असला, तरी तो चालवणारे खाते बदललेले असते. स्वतःच्या संगणकावर अ‍ॅप्लिकेशन आपल्या लॉगिनने चालते आणि व्हिज्युअल स्टुडिओ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडले असेल, तर त्याला जवळजवळ सर्व दारे उघडी असतात. सर्व्हरवर मात्र डब्ल्यू३डब्ल्यूपी ही वर्कर प्रोसेस अ‍ॅप्लिकेशन पूलच्या, म्हणजे आयआयएसमध्ये एकत्र चालणाऱ्या अ‍ॅप्लिकेशनांच्या गटाच्या, खात्याने चालते, आणि या खात्याचे अधिकार मुद्दामच मर्यादित ठेवलेले असतात. विंडोज २००० च्या काळात हे खाते एएसपीनेट नावाचे होते, सर्व्हर २००३ मध्ये त्याची जागा नेटवर्क सर्व्हिसने घेतली, आणि सर्व्हर २००८ आर२ सोबत आलेल्या आयआयएस ७.५ पासून प्रत्येक पूलला त्याच्याच नावाचे स्वतंत्र आभासी खाते मिळू लागले. म्हणूनच आंतरजालावर सापडणाऱ्या जुन्या उत्तरांमधील ‘एएसपीनेट खात्याला परवानगी द्या’ हा सल्ला आज पाळता येत नाही.

एचकेईवाय_लोकल_मशीन, म्हणजे एचकेएलएम, याखालील सॉफ्टवेअर हा भाग सामान्य खात्यांना वाचता येतो, पण त्यात लिहिता येत नाही. त्यामुळे केवळ वाचायचे असूनही वरील संदेश येत असेल, तर प्रथम कोड तपासावा. ‘ओपनसबकी’ या की उघडणाऱ्या पद्धतीला दुसरा घटक म्हणून ‘ट्रू’ दिला असेल, तर आपण लिहिण्याची परवानगी मागत आहोत असा त्याचा अर्थ होतो आणि एक अक्षरही लिहिण्यापूर्वी विनंती फेटाळली जाते. तो घटक काढून टाकल्याने अनेकांची अडचण तेथेच मिटते.

परवानगी देणे आवश्यकच असेल, तर ती कशी द्यावी?

आधी आपल्या अ‍ॅप्लिकेशनसाठी एचकेएलएममधील सॉफ्टवेअरखाली संस्थेच्या नावाची स्वतंत्र रजिस्ट्री-की तयार करावी, आणि परवानगी फक्त तिच्यावर द्यावी. रजिस्ट्री एडिटरमध्ये त्या कीवर उजवी क्लिक करून ‘परमिशन्स’ उघडावे, ‘अ‍ॅड’ दाबावे, ‘लोकेशन्स’मध्ये डोमेनऐवजी त्या सर्व्हरचेच नाव निवडावे आणि ‘आयआयएस अ‍ॅपपूल’ हे शब्द, मग उलटी तिरकी रेघ, मग पूलचे नाव असे टंकून ‘चेक नेम्स’ दाबावे. हे आभासी खाते शोधयादीत दिसत नाही, त्यामुळे नाव हातानेच टंकावे लागते. लोकेशन डोमेनवर राहिले तर बरोबर टंकलेले नावही सापडत नाही. सर्व्हर अनेक असतील तर हेच काम पॉवरशेल या विंडोजच्या आदेश-साधनातील, परवानग्या लावणाऱ्या सेट-एसीएलने करावे, म्हणजे कोणत्या सर्व्हरवर काय दिले याची लेखी नोंद राहते.

‘फुल कंट्रोल’ देण्याचा मोह टाळावा. व्हॅल्यू वाचणे, व्हॅल्यू लिहिणे आणि सब-की तयार करणे या तीन परवानग्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये स्वतंत्रपणे देता येतात आणि बहुतेक अ‍ॅप्लिकेशनांना पहिल्या दोन पुरतात. पूलचे खाते बदलून लोकलसिस्टम (विंडोजचे सर्वाधिकारी अंतर्गत खाते) करणे, किंवा ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटात घालणे, हा उपाय कोणी कितीही घाईत असला तरी स्वीकारू नये. रजिस्ट्रीतील सर्व्हिसेसच्या कीखाली प्रत्येक सेवेच्या प्रोग्रामचा मार्ग ‘इमेजपाथ’ या व्हॅल्यूत लिहिलेला असतो. ज्या प्रोसेसला ती व्हॅल्यू बदलता येते, तिला पुढच्या वेळी सेवा सुरू होताना हवा तो प्रोग्राम सर्वोच्च अधिकाराने चालवता येतो. इंटरनेटला उघड्या असलेल्या प्रोसेसच्या हाती ही सत्ता देणे म्हणजे फाइल अपलोडमधील एखाद्या साध्या त्रुटीचे रूपांतर संपूर्ण सर्व्हर गमावण्यात करणे होय.

रजिस्ट्री एडिटरमध्ये नोंद स्पष्ट दिसते, तरीही कोडला ‘नल’ (रिकामे उत्तर) मिळतो. हे कसे?

बहुतेक वेळा याचे कारण ३२ आणि ६४ बिटचा फरक हे असते. ६४ बिट विंडोजवर चालणारी ३२ बिट प्रोसेस एचकेएलएममधील सॉफ्टवेअर ही की मागते, तेव्हा विंडोज तिला काहीही न सांगता वाव६४३२नोड या सब-कीकडे वळवते. रजिस्ट्री एडिटर स्वतः ६४ बिटचा असल्यामुळे आपल्याला एक जागा दिसते, आणि कोड दुसऱ्याच जागी शोधत असतो. अ‍ॅप्लिकेशन पूलच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘एनेबल ३२-बिट अ‍ॅप्लिकेशन्स’ हा पर्याय असतो. एखाद्या जुन्या कॉम घटकासाठी (इतर प्रोग्रामांना वापरता येणाऱ्या विंडोजच्या जोडघटकासाठी) किंवा डेटाबेस ड्रायव्हरसाठी तो कोणीतरी ‘ट्रू’ केलेला असतो आणि पुढे त्याचा विसर पडलेला असतो. उलट प्रकारही घडतो : विकासकाच्या संगणकावर आयआयएस एक्सप्रेस ३२ बिटचे, सर्व्हरवरचा पूल ६४ बिटचा.

यावरचा योग्य उपाय म्हणजे मार्गात वाव६४३२नोड हे नाव स्वतः न लिहिता, डॉट नेट फ्रेमवर्क ४ पासून उपलब्ध असलेली ‘ओपनबेसकी’ ही पद्धत वापरणे आणि तिला ‘रजिस्ट्रीव्ह्यू’, म्हणजे ३२ की ६४ बिटची जागा, स्पष्ट सांगणे. ‘रजिस्ट्री६४’ सांगितल्यास ३२ बिट प्रोसेसलाही खरी ६४ बिट नोंद मिळते, आणि पुढे कोणी पूलची सेटिंग बदलली तरी कोड बिघडत नाही.

हा मुद्दा इतका आग्रहाने मांडण्याचे कारण असे, की याच फरकामुळे होणारे काही बिघाड रजिस्ट्रीचे आहेत हे ओळखूच येत नाही. जुन्या डॉट नेट अ‍ॅप्लिकेशनाने जोडणी सुरक्षित करणारी टीएलएस १.२ ही पद्धत वापरावी म्हणून ‘एससीएचयूजस्ट्राँगक्रिप्टो’ ही व्हॅल्यू घालण्याचा सल्ला दिला जातो. ती केवळ ६४ बिट जागी घातली आणि पूल ३२ बिटचा असला, तर पेमेंट गेटवेशी होणारी जोडणी पूर्वीप्रमाणेच तुटत राहते. आणि ‘नोंद तर केली आहे’ असे सांगणाऱ्याचे म्हणणेही खरेच असते. ही व्हॅल्यू दोन्ही जागी घालावी लागते.

एचकेईवाय_करंट_यूजरमध्ये वेब अ‍ॅप्लिकेशनने काही ठेवावे का?

ठेवू नये. येथील ‘करंट यूजर’ म्हणजे संकेतस्थळावर लॉगिन केलेली व्यक्ती नव्हे, तर वर्कर प्रोसेस चालवणारे खाते होय. पूलच्या सेटिंगमध्ये ‘लोड यूजर प्रोफाइल’ बंद असेल, तर त्या खात्याचे प्रोफाइल उघडलेलेच नसते आणि ही की एचकेईवाय_यूजर्समधील ‘डॉट डिफॉल्ट’ या शाखेकडे निर्देश करते, जी प्रत्यक्षात लोकलसिस्टम खात्याची आहे. विंडोज लॉगिनसह इम्पर्सोनेशन (कोडने लॉगिन केलेल्या व्यक्तीची ओळख घेऊन चालणे) वापरले तरी फरक पडत नाही, कारण ही की प्रोसेसमध्ये एकदा उघडली की ती तशीच धरून ठेवली जाते आणि थ्रेडची (प्रोसेसमधील कामाच्या धाग्याची) ओळख बदलल्याने आपोआप बदलत नाही. व्यक्तिगणिक आवडीनिवडी जपायच्या असतील तर त्या डेटाबेसमध्ये ठेवाव्यात.

सर्व्हरचे रीजन भारतीय केले आहे, तरीही अ‍ॅप्लिकेशन तारीख महिना आधी घालून दाखवते. याचा रजिस्ट्रीशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे. कंट्रोल पॅनेलमधील रीजनच्या सेटिंग एचकेईवाय_करंट_यूजरखालील कंट्रोल पॅनेल, इंटरनॅशनल या कीमध्ये साठतात, म्हणजेच ज्या खात्याने लॉगिन करून त्या बदलल्या त्याच खात्यासाठी. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने स्वतःसाठी दिनांकाचा नमुना बदलला, तरी पूलच्या खात्यापर्यंत तो पोहोचत नाही, आणि पाच एप्रिल ही तारीख चार मे म्हणून डेटाबेसात जाते. बारा तारखेच्या पुढे कोड त्रुटी देतो म्हणून दोष कळतो, पण त्याआधीच्या तारखा निमूटपणे चुकीच्या साठतात आणि त्या नंतर शोधून काढणे अतिशय कष्टाचे असते.

रीजनच्या ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह’ भागातील ‘कॉपी सेटिंग्ज’ने त्या सेटिंग सिस्टमच्या खात्यांसाठी आणि नव्या खात्यांसाठी उतरवता येतात. परंतु माझ्या मते रजिस्ट्रीवर विसंबूच नये. वेब डॉट कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमधील ग्लोबलायझेशन या घटकात कल्चर म्हणून भारतीय इंग्रजीचे किंवा मराठीचे ‘एमआर-आयएन’ हे चिन्ह लिहावे, आणि तारीख वाचताना नमुना कोडमध्येच नेमका सांगावा. मग सर्व्हर मुंबईत असो वा आयर्लंडमध्ये, उत्तर तेच येते.

व्हॅल्यू वाचताना कोणती काळजी घ्यावी?

की अस्तित्वात नसेल तर ‘ओपनसबकी’ अपवाद (कोड थांबवणारी त्रुटी) न फेकता ‘नल’ परत करते, म्हणून पुढच्याच ओळीत ‘गेटव्हॅल्यू’ मागण्यापूर्वी ते तपासावे. आणि उघडलेली की ‘यूजिंग’च्या आत ठेवावी, म्हणजे तिचे हँडल बंद होते. व्हॅल्यू नसेल तेव्हा काय धरायचे तेही ‘गेटव्हॅल्यू’च्या दुसऱ्या घटकात सांगता येते.

प्रकारांच्या बाबतीत थोडे अधिक जागरूक राहावे लागते. डीवर्ड ही ३२ बिटची चिन्हविरहित संख्या मानली जाते, पण डॉट नेट ती चिन्हासहित पूर्णांक म्हणून देते, त्यामुळे २१४७४८३६४७ पेक्षा मोठी संख्या ऋण होऊन येते. एक्सपांड-स्ट्रिंग प्रकारातील पर्यावरण-चल (ज्यांच्या जागी विंडोज प्रत्यक्ष मूल्य घालते अशी नावे) वाचतानाच उलगडले जातात. मूळ मजकूर हवा असेल तर तसा पर्याय द्यावा लागतो, अन्यथा वाचून जसेच्या तसे परत लिहिल्यास मूळ चल कायमचे नाहीसे होते. लिहिताना प्रकार सांगितला नाही आणि ६४ बिटचा पूर्णांक दिला, तर तो क्यूवर्ड म्हणून न साठता मजकूर म्हणून साठतो. म्हणून ‘सेटव्हॅल्यू’ला ‘रजिस्ट्रीव्हॅल्यूकाइंड’ नेहमी स्पष्ट द्यावे.

वाचण्याचे एक उपयुक्त उदाहरण म्हणजे सर्व्हरवर डॉट नेट फ्रेमवर्कची कोणती आवृत्ती आहे ते तपासणे. एनडीपी, व्ही४, फुल या कीमधील ‘रिलीज’ ही डीवर्ड ५२८०४० किंवा अधिक असेल, तर ४.८ किंवा त्यापुढील आवृत्ती बसवलेली आहे. येथे तुलना ‘बरोबर’ने न करता ‘किंवा अधिक’नेच करावी, कारण विंडोजच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर हा आकडा थोडा वेगळा असतो.

वेब अ‍ॅप्लिकेशनने रजिस्ट्रीत लिहावे का?

माझे स्पष्ट मत असे, की जवळजवळ कधीच लिहू नये. रजिस्ट्रीत लिहिणे हे अ‍ॅप्लिकेशन बसवण्याच्या वेळचे काम आहे आणि ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने, एकदाच, स्क्रिप्टद्वारे व्हावे. त्यानंतर चालू अ‍ॅप्लिकेशनने फक्त वाचावे.

इव्हेंट लॉगचे, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीचे, उदाहरण पाहा. अनेक अ‍ॅप्लिकेशने पहिल्या त्रुटीच्या वेळी ‘सोर्सएक्झिस्ट्स’ने स्रोत (ज्या नावाने नोंद होते ते) शोधतात आणि नसल्यास तयार करू पाहतात. स्रोत तयार करणे म्हणजे सर्व्हिसेसमधील इव्हेंटलॉग या कीखाली नवी सब-की घालणे, आणि शोधताना सिक्युरिटी हा लॉगही चाळला जातो, जो पूलच्या खात्याला वाचता येत नाही. परिणामी मूळ त्रुटी नोंदवण्याआधीच सुरक्षेचा नवा अपवाद उभा राहतो आणि खरे कारण झाकले जाते. सर्व्हर तयार करतानाच पॉवरशेलने स्रोत बनवून ठेवला आणि कोडमधून तो तपासण्याची ओळ काढून टाकली, तर कोणतीही जादा परवानगी न देता प्रश्न सुटतो.

एखाद्या व्यवस्थापन-पानावरून सर्व्हरची सेटिंग खरोखरच बदलायची असेल, तर वेगळी विंडोज सेवा लिहावी. वेब अ‍ॅप्लिकेशनने डेटाबेसात किंवा रांगेत विनंती ठेवावी, आणि सेवेने ती आधी ठरलेल्या मोजक्या बदलांच्या यादीत बसते का हे पाहून, कोणी मागितली याची नोंद करून अमलात आणावी. असे केल्यास काम वाढते हे खरे आहे, पण अधिकार ज्याच्या हाती आहे तो भाग इंटरनेटसमोर उघडा राहत नाही.

वापरकर्त्याने दिलेले नाव कीच्या मार्गात जोडले तर चालेल का?

चालणार नाही. त्या नावात उलटी तिरकी रेघ आली की मार्ग भलत्याच सब-कीकडे जातो. कोडमध्ये परवानगी असलेल्या नावांची यादी ठेवून त्यातूनच निवड करावी.

व्हॅल्यू बदलली, तरी परिणाम दिसत नाही. किती वेळ थांबावे?

थांबून उपयोग होत नाही. ती व्हॅल्यू कोण आणि केव्हा वाचते हे पाहावे लागते. रजिस्ट्रीतील बदल इतर प्रोसेसना तत्काळ दिसतो, परंतु वाचणारा घटक सुरू होतानाच एकदा वाचत असेल तर तो पुन्हा सुरू करावा लागतो. मोठ्या केर्बेरॉस टोकनमुळे (विंडोज नेटवर्कवर ओळख पटवणाऱ्या माहितीमुळे) ‘रिक्वेस्ट टू लाँग’ ही ४०० क्रमांकाची त्रुटी येते तेव्हा एचटीटीपी सेवेच्या पॅरामीटर्समध्ये ‘मॅक्सफील्डलेंग्थ’ आणि ‘मॅक्सरिक्वेस्टबाइट्स’ वाढवतात. तेथे पूल रिसायकल करून (त्याची वर्कर प्रोसेस बदलून नवी सुरू करून) भागत नाही, एचटीटीपी सेवाच पुन्हा सुरू करावी लागते. यंत्राचे पर्यावरण-चलही रजिस्ट्रीत असतात, आणि ते बदलल्यावर आयआयएस पूर्णपणे पुन्हा सुरू केल्याशिवाय वर्कर प्रोसेसपर्यंत पोहोचत नाहीत. आपला स्वतःचा कोड व्हॅल्यू स्टॅटिक चलात धरून ठेवत असेल, तर त्याला पूलचे रिसायकल पुरते.

एकाच वेळी अनेक विनंत्या तीच व्हॅल्यू बदलत असतील तर?

एक व्हॅल्यू लिहिणे अर्धवट राहत नाही, परंतु वाचून, एक मिळवून, परत लिहिणे या तीन पायऱ्यांच्या मध्ये दुसरी विनंती शिरू शकते. सी शार्पमधील, एका वेळी एकालाच पुढे जाऊ देणारा ‘लॉक’ एकाच प्रोसेसपुरता असतो, आणि पूल रिसायकल होताना जुनी व नवी वर्कर प्रोसेस काही काळ शेजारी शेजारी चालतात, त्यामुळे तो पुरत नाही. ज्या अ‍ॅप्लिकेशनाला असा अनुक्रमांक हवा आहे त्याने डेटाबेस वापरावा. सर्व्हर दोन झाले की प्रत्येकाची रजिस्ट्री वेगळी, हेही आहेच.

डेटाबेसचा पासवर्ड रजिस्ट्रीत ठेवणे सुरक्षित आहे का?

नुसता ठेवणे सुरक्षित नाही, कारण सॉफ्टवेअरखालील नोंदी सर्व्हरवरील सर्वसाधारण खात्यांना वाचता येतात, आणि बेस६४ ही मजकूर वेगळ्या अक्षरांत मांडण्याची पद्धत म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. एएसपी डॉट नेटच्या पहिल्या आवृत्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने एएसपीनेट_सेटरेग हे साधन दिले होते, जे पासवर्ड एन्क्रिप्ट करून रजिस्ट्रीत ठेवत असे आणि कॉन्फिग फाइलमध्ये फक्त त्याचा पत्ता राहत असे. आज डीपीएपीआय ही विंडोजची एन्क्रिप्शनची सोय वापरून तसेच करता येते, परंतु ‘लोकलमशीन’ कक्षा निवडल्यास त्या यंत्रावरील कोणतीही प्रोसेस तो उलगडू शकते, म्हणून कीवरची वाचण्याची परवानगीही आवळावी लागते. शक्य असेल तेथे डेटाबेसची जोडणी पूलच्या खात्यानेच करावी, म्हणजे लपवण्यासाठी पासवर्डच उरत नाही.

आम्ही रजिस्ट्रीला हात लावलेला नाही, तरी पूल रिसायकल झाला की सर्व वापरकर्ते लॉगआउट होतात. याचा येथे काही संबंध आहे का?

एएसपी डॉट नेट कोअर या नव्या पिढीच्या एएसपी डॉट नेटमध्ये असू शकतो. लॉगिनच्या कुकीज ज्या किल्ल्यांनी एन्क्रिप्ट होतात त्या पूलच्या खात्याचे प्रोफाइल उपलब्ध असल्यास फाइलमध्ये, आणि नसल्यास एचकेएलएममधील, केवळ त्या खात्यासाठी राखलेल्या ‘ऑटोजेनकीज’ या जागी साठवल्या जातात. दोन्ही उपलब्ध नसतील तर त्या फक्त मेमरीत राहतात आणि प्रोसेस थांबताच नाहीशा होतात. जुन्या कुकीज मग कोणालाच उलगडत नाहीत. ‘लोड यूजर प्रोफाइल’ सुरू करणे हा सर्वांत सरळ उपाय आहे.

हाच कोड क्लाउडवर किंवा लिनक्सवर चालेल का?

अ‍ॅझ्युअर अ‍ॅप सर्व्हिस या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेमध्ये रजिस्ट्रीचा बराचसा भाग वाचता येतो, पण लिहिणे पूर्णपणे बंद आहे, अगदी करंट यूजरखालीसुद्धा. लिनक्सवर रजिस्ट्री नसल्यामुळे डॉट नेट ‘प्लॅटफॉर्म नॉट सपोर्टेड’ हा अपवाद फेकते. डॉट नेट ५ पासून संकलनाच्या वेळीच हा कोड सर्व प्रणालींवर चालणार नाही अशी सीए१४१६ ही सूचना मिळते. ती दडपून न टाकता, रजिस्ट्री वाचणारा भाग एका इंटरफेसमागे नेण्याची ती वेळ समजावी.

नेमकी कोणती नोंद अडते आहे, हे कसे शोधावे?

मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातील प्रोसेस मॉनिटर हे साधन यासाठी सर्वांत विश्वासार्ह आहे. डब्ल्यू३डब्ल्यूपी या प्रोसेसचा फिल्टर लावावा, फक्त रजिस्ट्रीच्या घडामोडी ठेवाव्यात आणि अडणारे पान उघडावे. निकालाच्या रकान्यात ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ असेल तर परवानगीचा प्रश्न आहे. ‘नेम नॉट फाउंड’ असेल तर मार्गाकडे पाहावे, आणि त्यात वाव६४३२नोड दिसले तर कारण तेथेच सापडले. कोणते खाते विचारत होते तेही त्याच ओळीच्या तपशिलात मिळते.

रजिस्ट्रीत मराठी मजकूर ठेवता येतो का?

येतो, कारण मजकूर युनिकोडमध्ये साठवला जातो. अडचण येते ती नोंदी फाइलमधून दुसऱ्या सर्व्हरवर नेताना. निर्यात करताना जुन्या रेजएडिट४ नमुन्याची फाइल निवडली, तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. पहिल्या ओळीत ‘व्हर्जन ५.००’ असलेली फाइल युनिकोड असते आणि तीत मजकूर शाबूत राहतो. फाइल नोटपॅडमध्ये उघडून दुरुस्त केली असल्यास जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-१६ आहे याची खात्री करावी, आणि आयात करण्यापूर्वी त्या कीची विद्यमान प्रत ‘रेग एक्सपोर्ट’ने काढून ठेवावी.